एल्म्सविक प्रायरीची फेरमोजणी

माझे सासरे विजयकुमार गायधनी यांनी नाशिक जिल्ह्यात चौतीस वर्षं जमीन मोजली. भावाभावांची भांडणं, आमदारांचे फोन, बांधावर अंगावर सोडलेली कुत्री, हे सगळं सोसून त्यांनी मोजणी कधी कुणाच्या बाजूने झुकू दिली नाही. निवृत्त झाल्यावरही सवय सुटली नाही. २०१९च्या जानेवारीअखेर ते दोह्याला आमच्याकडे दोन महिन्यांसाठी आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की आमच्या कंपाउंडची पूर्वेकडची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत दोन फूट गेली आहे.

"बाबा, हे कतार आहे," मी म्हटलं. "इथे आपण असं बोलायचं नसतं."

"बोलत नाही. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी नाशिकलाच थांबल्या होत्या. देवव्रत, माझा नवरा, पहाटे कंपनीच्या बसने मेसईदला खताच्या कारखान्यात जायचा. लेक अनुष्का शाळेत, मी वेस्ट बेमध्ये ऑफिसला. आम्ही राहायचो त्या अबू हमूर भागात गाडीशिवाय माणूस कुठेच जाऊ शकत नाही. त्यामुळे बाबा दिवसभर कंपाउंडमध्ये पावलं मोजत फिरायचे आणि आमचे ड्रायव्हर रहमानभाई भेटले की त्यांच्याशी गप्पा मारायचे. रहमानभाई रायगडातल्या म्हसळ्याचे. पंधरा मिनिटांत त्यांच्या वडिलोपार्जित आमराईचा वाद बाबांनी तोंडी सोडवून दिला.

मी ज्या कन्सल्टन्सीत ड्राफ्टिंग करायची तिच्याकडे एका स्टेडियमच्या बाहेरच्या ड्रेनेजचं काम होतं. वर्ल्ड कपला जेमतेम चार वर्षं राहिली होती आणि प्रत्येक ड्रॉइंग काल हवं होतं. आमचा बॉस ग्रॅहम विटकॉम नावाचा इंग्रज. चौसष्ट वर्षांचा, उंच, स्वच्छ, आणि कुणाच्याही ड्रॉइंगवर लाल पेनने "का?" एवढंच लिहिणारा. मार्चअखेर तो निवृत्त होणार होता. ऑफिसने त्याच्या निरोपाच्या केकची ऑर्डर फेब्रुवारीतच देऊन ठेवली होती, इतकी सगळ्यांना घाई होती.

या ग्रॅहमचं एकच वेड होतं: एल्म्सविक प्रायरी. प्रायरी म्हणजे ख्रिस्ती साधूंचा लहान मठ, आणि त्याचा प्रमुख तो प्रायर. ग्रॅहमच्या गावात अशा एका मठाचे अवशेष होते. एक वेशीची कमान, चर्चची एक उभी भिंत, मेंढ्यांच्या कुरणात थोडे उंचवटे, आणि ग्रॅहमचं स्वतःचं घर. त्या घराच्या स्वयंपाकघराची मागची भिंत चार फूट जाड होती. ती खुद्द प्रायरच्या निवासाची, असं ग्रॅहम ऑफिसातल्या प्रत्येक माणसाला निदान दोनदा सांगून चुकला होता. लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगायचा. निवृत्तीच्या दिवशी वाटायला तो मठाच्या इतिहासाची पुस्तिका लिहीत होता.

तिच्यासाठी त्याला मठाचा नकाशा नीट काढून हवा होता. मूळ नकाशा गावच्या एका पाद्र्याने १८३९ साली काढलेला, शाई पसरलेली, आकडे किडामुंगीसारखे.

"ऑफिसच्या वेळेत नाही हं, नमिता," तो म्हणाला. "तुमच्या सोयीने. अप्रेझल व्हायच्या आत."

अप्रेझल तोच करायचा. मी नकाशाची मोठी प्रिंट, पुस्तिकेचा मसुदा आणि काही फोटो घरी आणले आणि डायनिंग टेबलावर ठेवून कुकर लावायला गेले. परत आले तर बाबा चष्मा कपाळावर चढवून नकाशावर ओणवे झाले होते.

"साखळीत मोजलंय," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "सहासष्ट फुटी साखळी. आपली तेहतीस फुटी. ही जमीन कुणाची?"

मी त्यांना थोडक्यात सांगितलं. उरलेलं त्यांनी पुस्तिकेतून वाचून घेतलं, कोश हाताशी ठेवून, चार दिवस. संध्याकाळी मी घरात पाऊल ठेवलं की अहवाल सुरू.

"हे देवस्थान इनाम आहे बघ. सर रॉजर म्हणून कुणी सरदार होता. त्याने शेजाऱ्याची पाणचक्की जाळली, धान्यासकट. मग पश्चात्ताप झाला आणि नदीकाठची जमीन मठाला दिली. म्हणजे दान कुणाचं आणि चक्की कुणाची! चक्कीवाल्याला काय मिळालं, त्याची नोंदच नाही."

दुसऱ्या दिवशी बिशपचा तपासणी अहवाल निघाला. कधीतरी चौदाव्या शतकात बिशप मठाची तपासणी करायला आला होता आणि त्याने एकेका साधूची जबानी घेतली होती. बाबा खूश झाले. "अगदी आपल्या इन्स्पेक्शन नोटसारखं! एकजण म्हणतो प्रायरने शिकारी कुत्री पाळलीत आणि ती प्रार्थनेत भुंकतात. दुसरा म्हणतो बिअर पाणचट आहे. तिसरा म्हणतो, मला काहीच तक्रार नाही, पण माझ्याशेजारचा घोरतो. आणि प्रायरने कुणाला न विचारता जंगलातली झाडं विकली. सगळीकडे माणसं सारखीच गं."

प्लेगमध्ये तेरापैकी तीनच साधू उरले, हे वाचलं त्या संध्याकाळी त्यांनी अहवाल तेवढ्यावरच थांबवला. पुढे मठ कसाबसा सावरला, आणि १५३६ साली राजाच्या माणसांनी येऊन तो बंद केला. छतावरचं शिसं काढून वितळवलं, घंटा उतरवल्या, जमीन दरबारातल्या एका माणसाला दिली, आणि गावकऱ्यांनी दगड नेऊन गोठे बांधले.

"इनाम खालसा केलं," बाबा म्हणाले. "बाकी सगळं समजलं. एक गोष्ट सोडून."

"कुठली?"

"तुझा साहेब म्हणतो, त्याचं घर म्हणजे मठाधिपतीची खोली. मी दोनदा मोजून पाहिलं. जमत नाही."

त्यांनी मला टेबलाशी बसवलं. मठाची सगळी जमीन नदीकडे उतरत होती. चर्च सर्वांत वर. साधूंची निजायची खोली मधल्या चौकाच्या कडेने खाली येते, आणि तिच्या अगदी टोकाला, सर्वांत सखल जागी, नदीतून काढलेल्या पाटाच्या अंगावर ग्रॅहमचं घर.

"मठाचा प्रमुख उताराच्या तळाशी राहील? सगळ्यांचं सांडपाणी अंगावर घ्यायला?" त्यांनी एक फोटो पुढे सरकवला. ग्रॅहमच्या स्वयंपाकघराचा. जाड भिंतीत जमिनीलगत एका रांगेत पाच बुटक्या कमानी होत्या आणि प्रत्येकीत आडव्या ठेवलेल्या वाइनच्या बाटल्या. खाली पुस्तिकेत लिहिलं होतं: प्रायरची मद्याची फडताळं.

"गडांवर मोजणीला गेलो तेव्हा तटात अशी भोकं पुष्कळ पाहिली," बाबा म्हणाले. "वर माणूस बसतो. खालून पाणी जातं. नमिता, ही पाच शौचकूपं आहेत."

मी फोटोकडे बघितलं. बाटल्यांवरची लेबलं महाग दिसत होती.

"बाबा," मी म्हटलं, "हे आपण कुणालाही सांगायचं नाही."

"चुकीचा नकाशा छापायचा?"

"छापायचा. त्याचं घर, त्याचा मठ, त्याची वाइन."

मी पाद्र्याच्या नकाशाबरहुकूम ड्रॉइंग काढलं, घरावर "प्रायरचं निवासस्थान" असं लिहिलं आणि देऊन टाकलं. ग्रॅहम इतका आनंदला की त्याने त्यावर लाल पेन चालवलं नाही. उलट, घरी वडीलधाऱ्यांनी मसुदा वाचला हे माझ्या तोंडून निसटल्यावर त्याने त्यांना भेटायची इच्छा व्यक्त केली. देवव्रतने उत्साहाने त्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं. देवव्रतला मी शौचकूपांबद्दल सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पुरण वाटता वाटता मी बाबांकडून वचन घेतलं. स्वयंपाकघराचा विषय काढायचा नाही. त्यांनी वचन दिलं, पण जमिनीचा चुकीचा उतारा द्यायला सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

ग्रॅहम बरोबर साडेबाराला फुलं घेऊन आला. अळूची भाजी त्याने दोनदा घेतली. बाबांशी साखळीच्या मोजणीवर बोलला, प्लेगवर बोलला, बिशपच्या अहवालातल्या कुत्र्यांवर दोघं मनसोक्त हसले. मला वाटलं, निभावलं. पुरणपोळीवर तूप वाढताना मी ग्रॅहमचं वाक्य ऐकलं.

"आणि मिस्टर गायधनी, माझ्या प्रायरच्या घराबद्दल तुमचं काय मत?"

बाबांनी पोळीचा घास खाली ठेवला. त्यांचं इंग्रजी सरकारी. सावकाश, प्रत्येक शब्द शिक्का मारल्यासारखा.

"सर, मला किचनविषयी बोलण्याची परवानगी नाही."

"किचन?" ग्रॅहमने माझ्याकडे बघितलं. "कुठल्या किचनविषयी?"

"तुमच्या."

"परवानगी कुणाची हवी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. देवव्रतने पाहिलं. अनुष्कानेही पाहिलं. मी तुपाची वाटी हातात धरून उभी होते.

"सांगा बाबा," मी मराठीत म्हटलं. "आता खलासच."

त्यांनी सांगितलं. उतार सांगितला, पाट सांगितला, गडांवरचे दाखले दिले. शेवटचा शब्द त्यांनी सभ्यपणे "सॅनिटरी ब्लॉक" असा वापरला. ग्रॅहमचे कान आधी गुलाबी झाले, मग लाल.

"मीन्स टॉयलेट?" अनुष्काने विचारलं. "ही कीप्स हिज वाइन इन द टॉयलेट?"

"अनुष्का, आत जा."

"बट आजोबा सेड..."

"आत."

ग्रॅहमने हात पुसले. "व्हेरी इंटरेस्टिंग," तो म्हणाला. इंग्रज माणूस असं म्हणतो तेव्हा काय समजायचं हे मला आठ वर्षांत कळलं होतं. तो अर्धी पुरणपोळी टाकून गेला.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडल्यावर माझ्या टेबलावर एक पाकीट होतं, वर "मिस्टर व्ही. गायधनी". आत अकरा मुद्द्यांचं टाइप केलेलं खंडन. १८३९चा पाद्री हा केंब्रिजचा पदवीधर होता, असा पहिला मुद्दा. बाबांनी दोन बाजू भरून स्वहस्ते उत्तर लिहिलं, सुरुवातीला विषय आणि संदर्भ क्रमांक टाकून. पाद्री पदवीधर असला तरी त्याच्या साखळीचे बारा दुवे कमी पडतात, असं त्यात होतं. सोमवारी ग्रॅहमचं उत्तर आलं. मंगळवारी बाबांचं गेलं. स्टेडियमच्या ड्रेनेजचं सबमिशन गुरुवारी होतं आणि मी दोन म्हाताऱ्यांची टपालवाली झाले होते. ग्रॅहम कामापुरतं माझ्याशी बोलायचा. माझ्या सहा ड्रॉइंगांवर त्याने "का?" लिहिलं, सातव्यावर दोनदा.

"तू मध्ये पडू नकोस," देवव्रत म्हणाला.

"मी मध्येच आहे," मी म्हटलं. "तुझे बाबा एका टोकाला, माझा बॉस दुसऱ्या. जेवायला कुणी बोलावलं होतं?"

बुधवारी बाबांनी शेवटचं पत्र दिलं. एकाच ओळीचं. हरकत असल्यास पंचांसमक्ष फेरमोजणी करावी. ग्रॅहमने ते माझ्यासमोर उघडलं, बराच वेळ वाचत राहिला, मग चष्मा काढला.

"पंच म्हणजे काय?"

"साक्षीदार," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंना मान्य असलेले."

"ठीक आहे," तो म्हणाला. "शनिवारी. म्हणजे हा विषय कायमचा मिटेल."

शनिवारी दुपारी एक वाजता, म्हणजे इंग्लंडात सकाळी दहाला, ग्रॅहम लॅपटॉप घेऊन आमच्या हॉलमध्ये आला. या वेळी फुलं नव्हती. व्हॉट्सॲपवरून कॉल इथे लागत नाही, म्हणून ऑफिसच्या लाइनवरून जोडणी केली. पंच म्हणून रहमानभाई हजर होते, इस्त्रीचा शर्ट घालून. तिकडच्या बाजूला ग्रॅहमची शेजारीण डोरोथी. वय अठ्ठ्याहत्तर, पायात गमबूट, हातात लोखंडी पहार. घराची किल्ली तिच्याकडे असायची. तिने फोन फ्रिजला टेकवून उभा केला आणि आम्हाला पाच कमानी, वाइन आणि फरशी दिसली.

"भिंतीपासून दोन फुटांवर," बाबा म्हणाले, "पोकळ आवाज येईल."

डोरोथीने पहारेने ठोकलं. ठक. पुढे सरकून ठोकलं. ठक. ग्रॅहम पाठीमागे टेकून बसला. तिसऱ्यांदा ठोकलं. ढब.

"अरे वा," रहमानभाई पुटपुटले. "आतून भोपळा हाय."

"डोरोथी, ती फरशी नका उचलू, जड आहे," ग्रॅहम म्हणाला.

"गप्प बस, ग्रॅहम," असं म्हणून डोरोथीने पहार फटीत घातली. दोन वेळा घसरली. तिसऱ्यांदा फरशी कडेवर उभी राहिली. तिने फोन उचलून खाली धरला. घडीव दगडांचा पाट होता, दोन हात खोल, आणि त्याच्या तळातून बारीक पाणी वाहत होतं, पाचही कमानींच्या समोरून, नदीकडे. लॅपटॉपमधून पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

"थांबा," बाबा म्हणाले. "त्या कोपऱ्यात काहीतरी आहे."

डोरोथीने पोळीच्या उलथन्यासारखं काहीतरी घेऊन गाळातून एक काळी वस्तू काढली आणि नळाखाली धरली. चामड्याचा तळवा होता, एका बुटाचा, टाचेकडे झिजलेला.

"कुणाच्या तरी पायातून खाली पडला," बाबा मराठीतच म्हणाले. "बिचारा. थंडीच्या दिवसांत एका बुटावर परत गेला असेल. वर कुणाला सांगायचीही चोरी."

मी त्याचं इंग्रजी करून ग्रॅहमला सांगितलं. त्याचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता. आधी आवाज न करता, मग इतक्या जोरात की अनुष्का आतून धावत आली.

"जीन," तो डोळे पुसत म्हणाला. जीन त्याची बायको, पाच वर्षांपूर्वी गेलेली. "जीन एकवीस वर्षं सांगत होती. पाऊस पडला की किचनला वास येतो. मी म्हणायचो, तो प्राचीन दगडाचा गंध आहे. एकवीस वर्षं! मी तिला लेक्चर दिलं होतं, नमिता. लेक्चर!"

बाबांनी उठून त्याला पाणी आणून दिलं. मग ते त्याच्या शेजारी सोफ्यावर बसले. डोरोथी तिकडून विचारत राहिली की तिने आता त्या बाटल्यांचं काय करायचं.

"तुम्ही घेऊन जा," ग्रॅहम म्हणाला. "सगळ्या."

"यल्ला, चला," रहमानभाई म्हणाले, "पंचनामा झाला." आणि बाबांनी खरोखर पंचनामा लिहून त्यांची सही घेतली.

त्यानंतर बाबा परत जाईपर्यंत ग्रॅहम दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला. दोघांनी मिळून पुस्तिकेचं सातवं प्रकरण, प्रायरच्या घराबद्दलचं, नव्याने लिहिलं. प्रत्येक वाक्यावर भांडून. ग्रॅहमला "कदाचित" हा शब्द घालायचा असायचा आणि बाबांना तो काढायचा असायचा. मी नकाशा पुन्हा काढला. या वेळी त्यावर खाली, मी न सांगता, ग्रॅहमने एक ओळ टाकली: फेरमोजणी, व्ही. गायधनी, नाशिक. बाबांनी ती चष्मा लावून वाचली, मग चष्मा काढून वाचली, आणि म्हणाले की अक्षर जरा लहान झालंय.

माझं अप्रेझल चांगलं झालं. एवढ्यावर थांबलं असतं तर ऑफिसचंही भलं झालं असतं. पण डोरोथीने गावभर बातमी केली होती. मार्चच्या मध्यावर पुरातत्त्वाचा कुणी अधिकारी ग्रॅहमच्या घरी येऊन गेला आणि स्वयंपाकघराची जमीन, पाट आणि पाच कमानी यांना पूर्ण तपासणी होईपर्यंत हात लावायचा नाही असं लेखी देऊन गेला. तपासणीला किती दिवस? अधिकारी म्हणाला, दोन वर्षं, कदाचित तीन. ग्रॅहमला निवृत्त होऊन जायला घरच उरलं नव्हतं. चूल होती, पण तिच्यापुढे दोन हात खोल खड्डा.

त्याने वरच्यांना भेटून कंत्राट वाढवून घेतलं. वर्ल्ड कपपर्यंत. केक मात्र आला होता. त्यावर क्रीमने "हॅपी रिटायरमेंट ग्रॅहम" लिहिलेलं. ग्रॅहमने स्वतःच सुरी घेतली, "रिटायरमेंट" हा शब्द असलेला तुकडा कापून ताटलीत घेतला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "तर गुरुवारच्या सबमिशनचं काय?" टाळ्या आधीच ठरलेल्या होत्या म्हणून वाजल्या. पाठीमागून कुणीतरी मल्याळममध्ये मला उद्देशून काहीतरी म्हणालं. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. सगळ्यांना ठाऊक होतं हे कुणाच्या सासऱ्यांमुळे झालं.

बाबा त्याच आठवड्यात परत गेले. विमानतळावर पोचवायला ग्रॅहम आला होता. दोघांनी हस्तांदोलन केलं, आणि मग बाबांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सावकाश, मोजून ठेवल्यासारखा. परतताना गाडीत अबू हमूरच्या सिग्नलला ग्रॅहम म्हणाला, "त्यांना सांगा, त्यांच्याशिवाय शुक्रवार मोठा होईल."

मी सांगितलं. नाशिकहून दुसऱ्याच दिवशी बाबांचा व्हॉइस मेसेज आला. मागे नणंदेचं बाळ रडत होतं आणि सासूबाई कुणाला तरी शेक द्यायला सांगत होत्या. "नमिता," बाबा म्हणत होते, "विमानात वेळ होता, म्हणून नकाशा पुन्हा पाहिला. तुझ्या साहेबाला हळूच सांग. चर्चही चुकीच्या जागी दाखवलंय. चाळीस फुटांनी."

गुरुवारचं सबमिशन डोक्यावर होतं. मी फोन पर्समध्ये टाकला आणि वेस्ट बेच्या लिफ्टमध्ये शिरले. आत ग्रॅहम उभा होता.

"बाबा पोचले का नीट?" त्याने विचारलं.

"पोचले," मी म्हटलं. "बाकी काही विशेष नाही."